बाहुलीची शुश्रूषा

सवाई जयसिंहांनी १७२७ साली जयपूर नगरी वसविली, तेव्हा तिची आखणी काटकोनात छेदणाऱ्या रुंद रस्त्यांवर केली. हे हमरस्ते जेथे एकमेकांस भेटतात त्या चौकांना जयपूरकर आजही चौपड म्हणतात. एक बडी चौपड, दुसरी छोटी चौपड. चौपड म्हणजे आपला सारीपाट. चार बाहूंचा, मध्यभागी एकत्र येणारा तो खेळाचा पट. ज्या नगराचे चौक पटाच्या नावाने ओळखले जातात, त्या नगरात खेळ आणि शिक्षण ह्यांच्या नात्याचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. आणि तो विचार परिचारिकेच्या शिक्षणाच्या संदर्भात केला, तर इतिहासाची काही विस्मृत पाने पुन्हा उघडतात.

राजस्थानात चौपडीचे आणखी एक रूप लोकप्रिय होते, ते म्हणजे ग्यानचौपड. महाराष्ट्रात त्याच जातीच्या पटाला मोक्षपट म्हणतात आणि परंपरा त्याचे जनकत्व ज्ञानेश्वरांकडे देते. वैष्णवांचा पट बहुधा ७२ घरांचा, जैनांचा ८४ घरांचा. प्रत्येक घरावर एखाद्या गुणाचे, दोषाचे अथवा लोकाचे नाव लिहिलेले असे. सद्गुणाच्या घरातून शिडी वर चढे, दुर्गुणाच्या घरातून साप खाली ओढी. वैकुंठाच्या जवळ पोहोचलेल्या खेळाडूलाही गिळणारा साप वरच्या ओळीत टपलेला असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला, घरांवरील नावे हळूहळू गळून पडली, आणि उरली ती मुलांची सापशिडी. मूळ पट मात्र करमणुकीसाठी नव्हता. अहंकाराच्या घरात पाऊल पडले की काय होते, हे प्रवचनाने सांगण्याऐवजी तो खेळणाऱ्यास अनुभवास आणून देत असे. पडावे, परंतु हाड मोडू नये. हरावे, परंतु पुन्हा कवड्या हाती घ्याव्यात. शिकणाऱ्याला पडण्याची अशी निर्धोक मुभा देणे, हेच खेळाच्या शिक्षणाचे मर्म होय.

रुग्णसेवेच्या शिक्षणात ही मुभा अत्यंत मोलाची ठरते. सुताराचा शिकाऊ हात चुकला तर फळी वाया जाते. शिकाऊ परिचारिकेचा हात चुकला तर ती चूक एका जिवंत देहावर उमटते. आणि तो देह बहुधा कोणाचा असतो? ज्याला दुसरीकडे जाण्याची ऐपत नाही, जो सार्वजनिक रुग्णालयाच्या खाटेवर मुकाट पडून आहे, त्या गरिबाचा. पहिली सुई कोणाच्या दंडात टोचून पाहावी, पहिली पट्टी कोणाच्या जखमेवर बांधून पाहावी, हा प्रश्न केवळ शिक्षणपद्धतीचा नाही, तो न्यायाचाही आहे.

हा प्रश्न भारतात फार पूर्वी विचारला गेला होता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय योग्यासूत्रीय ह्या नावाने ओळखला जातो. येथे योग्या म्हणजे सराव. सर्व शास्त्र मुखोद्गत असले, तरी ज्याने हाताने सराव केलेला नाही तो प्रत्यक्ष कर्मास अपात्रच, असा ह्या अध्यायाचा स्पष्ट अभिप्राय आहे. आणि त्यामागोमाग जी यादी येते ती वाचताना एखाद्या आधुनिक प्रयोगशाळेत शिरल्याचा भास होतो. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुधी भोपळा, कलिंगड, काकडी ह्यांवर करावा. फोडण्याचा सराव पाण्याने व चिखलाने भरलेल्या कातडी पिशवीवर करावा. खरवडण्यासाठी ताणून धरलेले केसाळ चामडे घ्यावे. शीर वेधण्यासाठी मृत पशूची शीर किंवा कमळाचा देठ घ्यावा. शल्याचा माग काढण्याचा सराव किडीने पोखरलेल्या लाकडावर किंवा वेळूवर, आणि रुतलेली वस्तू काढण्याचा सराव फणसाच्या व बेलाच्या गरावर करावा. टाके घालावयाचे ते वस्त्राच्या कडेवर आणि मऊ चामड्यावर. बस्तीची नळी नीट बसविण्याचा सराव पाण्याने भरलेल्या घटाच्या छिद्रावर करावा.

ह्या यादीतील एक ओळ परिचारिकेच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. पट्टी बांधण्याचा सराव पुस्तमय पुरुषाच्या निरनिराळ्या अवयवांवर करावा, असे तेथे सांगितले आहे. पुस्तमय पुरुष म्हणजे कापडाचा अथवा तत्सम द्रव्याचा घडविलेला मनुष्याकार पुतळा, साध्या मराठीत सांगावयाचे तर माणसाएवढी बाहुली. व्रणाला पट्टी बांधणे हे आज परिचारिकेचे नित्याचे कर्म आहे, आणि ते शिकण्यासाठी बाहुली हवी हे भारतीय शास्त्रकारांनी जगात फार लवकर लिहून ठेवले होते.

ह्या अध्यायाचा जयपूरशी एक सरळ संबंध आहे. मुंबईत वैद्यकव्यवसाय व ग्रंथसंशोधन करणारे यादवजी त्रिकमजी आचार्य ह्यांनी सुश्रुतसंहितेचे संपादन करून ती निर्णयसागर मुद्रणालयातून प्रसिद्ध केली. पुढे चक्रपाणिदत्ताची भानुमती नावाची टीका सूत्रस्थानापुरती उपलब्ध झाली, तेव्हा ती टीकेसह जी आवृत्ती निघाली ती १९३९ साली जयपूरच्या स्वामी लक्ष्मीराम न्यासाच्या वतीने. लक्ष्मीराम स्वामी हे जयपुरातील नामवंत वैद्य. म्हणजे सरावाची महती सांगणारे हे जुने पान मुंबईच्या विद्वत्तेने आणि जयपूरच्या आश्रयाने नव्या वाचकांच्या हाती पडले. त्याच नगरात १९७६ साली केंद्र शासनाने राष्ट्रीय आयुर्वेद संस्था स्थापन केली.

ग्रंथात पान शाबूत राहिले, तरी व्यवहारातून ही परंपरा पुष्कळशी लोपली होती. पश्चिमेत बाहुली स्वतंत्रपणे अवतरली, आणि तीही एका स्त्रीच्या हातून. मादाम द्यु कुद्रे ही पॅरिसची निष्णात सुईण. १७५९ साली फ्रान्सच्या पंधराव्या लुईने तिला राज्यभर हिंडून खेडोपाडीच्या स्त्रियांना प्रसूतिविद्या शिकविण्याचे आज्ञापत्र दिले. ह्या विद्यार्थिनींपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. पुस्तक निरुपयोगी होते. तेव्हा तिने कापड, चामडे व कापूस ह्यांची एक प्रसूतियंत्रणा तयार केली. तीत मातेचा कटिभाग होता, नाळेसह कापडी बालक होते, आणि अवघड प्रसंगांचा आभास निर्माण करण्याची सोय होती. विद्यार्थिनीने बालक आडवे आले असे समजावे, हात घालून ओळखावे, वळवावे, आणि चुकल्यास पुन्हा आरंभ करावा. सुमारे पंचवीस वर्षे ही बाई ती कापडी माता बरोबर घेऊन गावोगाव फिरली आणि तिने हजारो स्त्रियांना शिकविले. तिच्या यंत्रणेचा एक नमुना रुआँ येथील संग्रहालयात आजही जपलेला आहे.

एकोणिसाव्या शतकात फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांनी शुश्रूषेला व्यवसायाचे रूप दिले. त्यांचा शुश्रूषेवरील ग्रंथ प्रथम १८५९ साली निघाला आणि लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयातील त्यांची शाळा १८६० साली सुरू झाली. ह्या कडक शिस्तीच्या बाईंनी खेळाची शिफारस केली होती असे सांगितले तर आश्चर्य वाटेल. रुग्णाचे निरीक्षण कसे करावे ह्याची चर्चा करताना त्यांना उदाहरण सुचले ते हूदिन ह्या फ्रेंच जादूगाराचे. हा जादूगार आपल्या मुलाला घेऊन खेळण्यांच्या दुकानापुढून झपाट्याने चालत जाई, आणि मग दोघेही त्या खिडकीत काय काय दिसले ते आठवून लिहून काढीत. पुढे पुढे मुलगा बापावर ताण करू लागला. बाईंना वाटले की, जादूगाराला जी दृष्टी केवळ रंजनासाठी हवी, ती परिचारिकेला तर प्राणरक्षणासाठी हवी, आणि म्हणून अशा तऱ्हेचे शिक्षण तिला अवश्य मिळावे. रुग्णाच्या ओठांची कड निळसर झाली आहे काय, पाण्याचा पेला सकाळपासून तसाच भरलेला आहे काय, कालचा बोलका माणूस आज भिंतीकडे तोंड करून का पडला आहे, हे एका दृष्टिक्षेपात टिपणारा डोळा व्याख्यानांनी तयार होत नाही. तो खेळल्याने तयार होतो.

भारतात मात्र परिचारिकेचे शिक्षण दीर्घकाळ वेगळ्या वाटेने गेले. १८८५ साली लेडी डफरिन ह्यांचा निधी स्थापन झाला आणि स्त्रियांच्या वैद्यकीय साह्याची योजना संस्थानांपर्यंत पोहोचली. मुंबईत १८९१ साली काशीबाई गणपत ह्या शिक्षणासाठी दाखल झाल्या. परिचर्येचे रीतसर शिक्षण घेण्यास पुढे आलेली पहिली भारतीय स्त्री म्हणून शुश्रूषेच्या इतिहासात त्यांचे नाव घेतले जाते. १९०३ साली लेडी कर्झन ह्यांनी सुईणींच्या शिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्त्यांचा निधी उभारला. १९०९ साली रमाबाई रानडे ह्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याचे सेवासदन उभे राहिले आणि त्याने मध्यमवर्गीय हिंदू स्त्रियांना, विशेषतः विधवांना, ससून रुग्णालयात परिचर्या शिकण्याची वाट मोकळी करून दिली. परक्या पुरुषाच्या देहाला स्पर्श करणे, रक्त-मलमूत्र हाताळणे, रात्रपाळी करणे, ह्या गोष्टींना समाज तेव्हा हीन लेखीत असे. ती अढी मोडून ह्या स्त्रिया रुग्णालयाच्या पायऱ्या चढल्या.

त्यांना मिळालेले शिक्षण बहुतांशी उमेदवारीचे होते. थोरल्या परिचारिकेच्या मागे उभे राहावे, पाहावे आणि पाळी आली की करावे. ह्या पद्धतीत गुण होते. कामाची शिस्त आणि माणसांची पारख तिने शिकविली. परंतु पहिला प्रयोग नेहमी रुग्णावरच होई, आणि चूक झाली की बोलणी खावी लागत. बोलण्यांच्या भीतीने चूक लपविली जाते, आणि लपविलेली चूक दुसऱ्या रुग्णाच्या वाट्यास येते. शिक्षणातून भीती वजा करणे हा शिकणाऱ्याचा लाड नसून रुग्णाचे संरक्षण आहे, ही गोष्ट ध्यानी येण्यास पुष्कळ काळ जावा लागला.

ह्याच सुमारास अमेरिकेत बाहुली पुन्हा रुग्णालयात शिरली. ऱ्होड आयलंड राज्यातील मार्था चेस ही लहान मुलांसाठी कापडाच्या बाहुल्या करणारी स्त्री. हार्टफर्ड रुग्णालयाच्या परिचारिका विद्यालयाच्या प्रमुखांनी तिला माणसाएवढी बाहुली करण्याची विनंती केली, आणि १९११ साली पाच फूट चार इंच उंचीची, सांध्यांत वाकणारी बाहुली त्या विद्यालयात आली. विद्यार्थिनी तिला मिसेस चेस म्हणू लागल्या. तिला कूस वळवून द्यावी, न हलविता खालची चादर बदलावी, कपडे घालावेत. पुढे काही वर्षांत तिच्या दंडात सुई टोचण्याचीही सोय झाली. १९६० साली नॉर्वेतील आस्मुन लेर्दाल ह्यांनी तोंडाने श्वास देण्याचा सराव करण्यासाठी बाहुली बनविली. हे गृहस्थही मूळचे खेळण्यांचे कारखानदार. बाहुलीला त्यांनी चेहरा दिला तो पॅरिसच्या सेन नदीत सापडलेल्या एका अनामिक तरुणीचा म्हणून प्रसिद्ध असलेल्या मुखवट्यावरून. जिला कोणी वाचवू शकले नाही असे मानतात, तिच्या मुखावर वाकून जगभरची माणसे इतरांना वाचविण्यास शिकली. रुग्णालयाला सरावाची साधने देणाऱ्यांत दोघे खेळणी करणारे असावेत, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. वस्तू मुलाच्या हाताला कशी लागते, पडली तर मोडते की टिकते, ह्याचा विचार खेळणीवाल्याला जन्मभर करावा लागतो. शिकाऊ हाताची गरज त्याला म्हणूनच चटकन कळली.

जयपुरात आधुनिक रुग्णसेवेचा पाया लॉर्ड मेयोच्या नावाच्या रुग्णालयाने १८७० नंतरच्या दशकात घातला. पुढे १९३० नंतर सवाई मानसिंह रुग्णालय उभे राहिले आणि १९४७ साली त्याच्या जोडीला वैद्यक महाविद्यालय आले. ह्याच रुग्णालयात १९६८ साली जयपूर फूट ह्या नावाने जगभर पोहोचलेला कृत्रिम पाय साकारला. शालेय शिक्षण फारसे न लाभलेले कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉक्टर प्रमोद करण सेठी ह्या दोघांनी मिळून तो घडविला. रबराचा साचा करावा, रुग्णास चालवून पाहावे, उकिडवे बसवून पाहावे, फसला तर पुन्हा नव्याने करावा, असा तो क्रम होता. हाताला कळते ते पुस्तकाला नेहमीच कळते असे नाही, हा धडा ह्या नगराने स्वतःच्या अनुभवाने घेतला आहे. १९४७च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेने परिचर्येच्या पदवी अभ्यासक्रमाची जी सुधारित नियमावली २०२१ साली राजपत्रात प्रसिद्ध केली, तीत कृत्रिम प्रसंगांच्या प्रयोगशाळेतील सरावाला अभ्यासक्रमाचे अंग म्हणून स्थान मिळाले. ती नियमावली जयपूरच्या विद्यार्थिनीला जशी लागू आहे, तशीच पुण्याच्या आणि नागपूरच्याही.

बाहुलीच्या जोडीला आता पटाचे खेळही परिचर्येच्या शिक्षणात आले आहेत. हात धुण्याचा विषय घेतला तर ह्या खेळांचे सामर्थ्य ध्यानात येते. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस ह्यांनी हात धुण्याने बाळंतिणींचे मृत्यू कमी होतात हे दाखवून दिले, तरी ही साधी सवय रुग्णालयांत आजही प्रयत्नपूर्वक लावावी लागते. त्याचे कारण अज्ञान नव्हे. न धुतलेल्या हाताचे फळ तत्काळ दिसत नाही. जखम चिघळते ती दोनतीन दिवसांनी, तेव्हा पाळी बदललेली असते, आणि कोणत्या हाताने अपाय केला हे कोणासच उमगत नाही. कर्म आणि फल ह्यांच्यामधले अंतर इतके लांब की मन त्यांची सांगड घालीत नाही. सापशिडीचा पट नेमके हेच अंतर मिटवितो. हात न धुता पुढच्या खाटेकडे गेलेली सोंगटी त्याच क्षणी सापाच्या तोंडी पडते. ग्यानचौपडीने पाप आणि पतन ह्यांची गाठ जशी डोळ्यांसमोर घालून दिली, तशीच ही गाठ आहे.

तथापि जुना पट जसाच्या तसा उचलून चालत नाही. मोक्षपटावर कवड्या दान देतात, खेळाडू केवळ चालतो. त्यामागे प्रारब्धाची कल्पना होती. परिचारिकेला दान नशिबाने पडते असे शिकविणे धोक्याचे आहे. म्हणून तिच्या पटावर कवडीच्या जागी निर्णय असावा लागतो. दोन रुग्ण एकाच वेळी हाक मारतात, एकाला वेदना आहेत, दुसऱ्याचा श्वास जड झाला आहे, आधी कोणाकडे जावे? उत्तर चुकले तर सोंगटी खाली येते, आणि खेळ संपल्यावर ती का खाली आली ह्याची शांतपणे चर्चा होते. खरे शिक्षण ह्या चर्चेत असते. चर्चेवाचून झालेला खेळ विद्यार्थिनींना चार घटका रिझवील, त्याहून अधिक काही त्याच्याकडून होणार नाही.

खेळाची मर्यादाही ओळखली पाहिजे. चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद सांगितले. वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. त्यांतील परिचारकाच्या अंगी चार गुण असावेत असे तेथे म्हटले आहे. उपचाराचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता. ह्यांपैकी ज्ञान, दक्षता आणि शुचिता बाहुलीवर व पटावर पुष्कळशा शिकविता येतील. अनुराग कसा शिकवावा? बाहुलीला वेदना नाहीत. तिचा हात धरला तर ती हात घट्ट धरीत नाही. तिच्या घरी कोणी वाट पाहत नसते. गुणांकनाच्या नादी लागलेली विद्यार्थिनी बाहुलीवर अचूक आणि माणसाशी कोरडी होण्याचा धोका नाकारता येत नाही.

ह्या संदर्भात पुण्याच्या इतिहासातील एक प्रसंग आठवतो. १८९७च्या प्लेगात सावित्रीबाई फुले आपले पुत्र डॉक्टर यशवंतराव ह्यांच्यासह रुग्णांच्या सेवेत उतरल्या. प्लेगने ग्रासलेल्या एका मुलाला त्यांनी स्वतःच्या पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचविले असे सांगतात. त्याच साथीत त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. अनुराग ह्याहून मोठा असू शकत नाही. प्लेगचा प्रसार उंदरांच्या पिसवांमुळे होतो हे त्या वेळी जगालाच ठाऊक नव्हते, पुढल्या वर्षी ते प्रथम मांडले गेले. आज संसर्गजन्य रुग्णाजवळ जाण्यापूर्वी कोणते आवरण आधी चढवावे आणि परतताना कोणते आधी उतरवावे, ह्याचा सराव विद्यार्थिनी पुन्हा पुन्हा खेळासारखा करते, तो अशासाठी की, रुग्णावर माया करणाऱ्या हातांना त्या मायेची किंमत प्राणांनी मोजावी लागू नये. अनुराग खेळातून निर्माण होत नसेल, परंतु अनुरागाचे रक्षण खेळ निश्चित करतो.

आणखी एक गोष्ट अनुभवास येते. ज्या विद्यार्थिनीचा हात कापत नाही, तिचे लक्ष हाताकडून रुग्णाच्या चेहऱ्याकडे जाऊ शकते. पट्टीचा वेढा कसा घ्यावा हे आठवण्यात जिचे मन गुंतलेले आहे, तिला रुग्णाचे दोन शब्द ऐकण्यास उसंत कोठून मिळणार? सरावाने हात मोकळा होतो आणि हात मोकळा झाला म्हणजे मन मोकळे होते. सुश्रुताच्या त्या कापडी पुरुषाचे प्रयोजन एवढेच होते. त्याच्या अंगावर पट्टी शंभरदा सैल पडावी, शंभरदा आवळावी, आणि मग ज्याच्या अंगावर खरी जखम आहे त्याच्याशी बोलत बोलत ती नीट बांधली जावी. जयपूरच्या रुग्णालयात आज सकाळी दाखल झालेल्या मजुराला ह्या इतिहासातील एकही नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याच्या दंडावर सुई पहिल्याच वेळी नीट लागली आणि ती लावणाऱ्या मुलीने त्याचे नाव विचारले, एवढे त्याच्या अनुभवास आले तरी पुरे.